पाय टेकला की बाद

मार्गशीर्षात चांदूर बाजारला उजाडतं ते संत्र्याच्या वासानं. अंबिया बहाराची तोड चालू असते, बाजाराच्या रस्त्याला रात्रीपासून गाड्या लागलेल्या असतात आणि थंडीत तो सालीचा कडवट-गोड वास जमिनीलगत धरून बसतो. त्यातून वाट काढत मी मैदानावर जातो. हौस म्हणून नाही, साखर आहे म्हणून. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी मला टेबलावर निजवलं, डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनचा एक जाडसर धागा तळपायाला ठिकठिकाणी टेकवत विचारलं, "समजते का?" सात वेळा समजलं. तीन वेळा धागा टेकलेला होता आणि मी म्हणत होतो, "टेकवा ना आता." डॉक्टर काही बोलले नाहीत. कागदावर छापलेल्या पावलाच्या चित्रावर त्यांनी तीन फुल्या मारल्या.

त्या तीन फुल्या घेऊन मी रोज मैदानाला पाच फेऱ्या मारतो.

माझ्याआधी तिथं एक पोरगा आलेला असतो. तालुक्यातल्याच एका खेड्यातला. कबड्डीत चढाईला जायचा, आणि चांगला जायचा. दुचाकीच्या अपघातात डावा पाय गुडघ्याखाली गेला. आता भाला फेकतो. त्याचं नाव लिहीत नाही, त्याला ते आवडणार नाही. एकदा कुठल्याशा बातमीत 'जिद्दीला सलाम' या मथळ्याखाली ते छापून आलं, तेव्हापासून मैदानावरची पोरं त्याला 'सलाम' म्हणूनच हाक मारतात. तोही ओ देतो, पण मनातून वैतागतो.

एक दिवस तिसऱ्या फेरीला त्यानं मला अडवलं. "काका, नुसत्या फेऱ्या मारून काय होते? एका पायावर उभे राहा बरं. आन् डोये मिटा."

मी तरुणपणी अमरावतीला राहिलेला माणूस. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पोरांना मल्लखांबाच्या टोकावर पद्मासन घालून बसलेलं पाहिलं आहे. 1914 साली वैद्य बंधूंनी काढलेली ती संस्था. तिचं पथक 1936 मध्ये बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी आपले खेळ दाखवून आलं. त्या शहराचं पाणी प्यायल्यावर एका पायावर उभं राहायला काय लागतं? उजवा पाय उचलला. डोळे उघडे होते तोवर ठीक होतं. मिटले, आणि पायाखालची जमीन जणू कुणी हळूच ओढून घेतली. एक, दोन, तीन... चारला मी त्याच्या खांद्यावर.

तो हसला. मग स्वतः करून दाखवलं. शाबूत उजव्या पायावर, डोळे उघडे ठेवून, तो किती वेळ उभा राहिला कुणास ठाऊक. मधे त्यानं खिशातून मोबाइल काढून वेळही पाहिली. डोळे मिटल्यावर घोट्याच्या पुढच्या शिरा सतारीच्या तारांसारख्या उडायला लागल्या, पण तोल राहिला. मग तो कृत्रिम पायावर उभा राहिला आणि डोळे मिटले. एक, दोन, आणि त्याचा उजवा पाय खाली आला.

"पाह्यलं? तुमच्यापेक्षा बी कमी."

हे त्यानं ज्या सुरात सांगितलं, तो मला अजून ऐकू येतो. त्यात ना खंत होती ना बढाई. एखादा गडी 'या विहिरीला अजून चार हात खोदावं लागंल' म्हणतो, तसा सूर.

उभं राहणं हे काम आहे, असं आपल्याला कधी वाटतच नाही. शाळेत शिक्षा म्हणून उभं केलं तेवढ्यापुरतं वाटलं असेल. पण लहानपणी तळहातावर काठी उभी धरून आपण अंगणभर पळायचो, ती काठी आठवा. काठी पडू नये म्हणून हात सतत तिच्याखाली सरकत असायचा. उभा माणूस तशीच काठी आहे. शरीराचा भार घोट्याच्या थोडा पुढं पडतो, म्हणजे आपण सदासर्वदा पुढं कलत असतो आणि पोटरी आपल्याला मागं खेचून धरत असते. बस स्टँडवर पेपर वाचत उभे असतो तेव्हाही. या कामाला तीन खबरे लागतात. डोळे सांगतात क्षितिज कुठं आहे. कानाच्या आतली द्रवानं भरलेली इवलीशी यंत्रणा सांगते डोकं किती आणि कुणीकडं कललं. आणि तळपाय, घोटा, स्नायू सांगतात की भार टाचेवर आहे की अंगठ्यावर, खाली फरशी आहे की ढेकूळ. माझ्या कागदावरच्या तीन फुल्या या तिसऱ्या खबऱ्याच्या. तो माझ्याकडं आता अर्धवट कामावर येतो.

त्या पोराचा डावीकडचा खबऱ्या पुरता गेलेला आहे. पोटरी गेली, म्हणजे मागं खेचणारा गडी गेला. घोटा गेला. गुडघ्याखालचा भाग पावलासकट शरीराच्या वजनाच्या साधारण 6 टक्के भरतो. तेवढं वजन एका बाजूनं निघून गेलं आणि त्याच्या जागी हलका पाय लागला की शरीराचा मध्यच शाबूत बाजूला आणि किंचित वर सरकतो. माणूस नकळत चांगल्या पायावर जास्त भार देऊ लागतो. घोट्याचं काम मग गुडघा आणि कंबर करतात. सुताराच्या हातची नाजूक दुरुस्ती घणानं करावी तसं. आणि सगळ्यात जास्त ओझं येतं डोळ्यांवर. डोळे मिटले की पाय गेलेल्या माणसाचा तोल धडधाकट माणसापेक्षा जास्त ढळतो, हे तपासण्यांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका पाहणीत, पाय कापलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त माणसं वर्षभरात एकदा तरी पडली होती.

"पयले सहा महिने म्या मान वर केलीच नाई," तो म्हणाला. "नजर पायाकडं. कोनी समोरून रामराम केला तरी दिसे ना. लोक म्हनत, पोरगा खचला. खचलो नव्हतो बावा, रस्ता पाहत होतो."

ही गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना. त्याच्याकडं पाहून 'बिचारा, मान खाली घालून चालतो' असं मीही एकदा घरी बोललो होतो.

आमच्या तालुक्यात माधान आहे. नऊ महिन्यांचे असताना ज्यांची दृष्टी गेली ते गुलाबराव महाराज तिथले. जन्म 1881, देहावसान 1915. चौतिसाव्या वर्षी गेले, आणि मागं ग्रंथांची रास ठेवून गेले. प्रज्ञाचक्षू म्हणतात त्यांना. चांदूर बाजारला त्यांचं भक्तिधाम आहे. त्यांच्या तत्त्वज्ञानाबद्दल बोलायची माझी पात्रता नाही. पण लहानपणापासून त्यांची गोष्ट ऐकताना मला हमखास एक बाळबोध प्रश्न पडायचा, की ते चालत कसे असतील? वऱ्हाडातली काळी माती, उन्हाळ्यात पाऊल जाईल एवढ्या भेगा, पावसाळ्यात चपलेला शेर शेर चिखल. आता वाटतं, त्यांच्या तळपायांना माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळत असणार. मुंबईला शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी दृष्टिहीन मुलांना मल्लखांब शिकवला. एक खबऱ्या नसला की उरलेले दोघं कामाला लागतात, आणि त्यांना कामाला लावता येतं. सवय करावी लागते, रोज, ठरवून, वेळ लावून. मला खटकतं ते इथंच. अशा माणसांबद्दल लिहिताना आपण 'जिद्द' हा शब्द असा काही फेकतो की त्याखाली सगळी कारागिरी गडप होते. पखवाज वाजवणाऱ्याला कुणी 'काय जिद्द आहे हो' म्हणत नाही. त्याचा हात पाहतात.

तर या पोराचा हात, म्हणजे पाय, मी जवळून पाहिला. सरावाआधी तो ओट्यावर बसतो, पँट वर करतो आणि पाय काढतो. आतला खुंट एखाद्या सोललेल्या रताळ्यासारखा, टोकाला जुनी शिवण. सकाळी तो थोडा सुजलेला असतो, म्हणून सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाची वाटी, घट्ट बसतं. दोन तास पळापळ झाली की आकसतो, मग सॉकेट ढिलं पडून आतल्या आत फिरायला लागतं. ढिलं झालेलं सॉकेट म्हणजे दांडा हललेली कुऱ्हाड. त्यासाठी त्याच्या पिशवीत जाड-बारीक मोजे असतात. एक चढवायचा, उभं राहायचं, भार देऊन पाहायचं, पुन्हा बसायचं, काढायचं, बारीक मोजा आणखी एक. घाम आला की पुसून कोरडं करायचं, नाहीतर कातडी सोलते. चैत्र-वैशाखात आमच्याकडं पारा पंचेचाळिसाला टेकतो तेव्हा तो सकाळी आठलाच सराव आटपतो, त्याचं कारण ऊन नाही, घाम आहे.

"खडा पायाखाली आला तं तुमाले पायात समजते. मले गुडघ्याखाली, सॉकेटच्या आतल्या अंगाले समजते. टोचत नाई. नुसतं दाबते, या बाजूले, नाईतं त्या बाजूले. कोन्या बाजूले दाबलं त्याच्यावरून समजते खाली काय हाय ते."

म्हणजे तळपाय गेला, तर त्यानं गुडघ्याखाली एक नवा तळपाय वाचायला शिकून घेतला. मला इतकी वर्षं स्वतःचा तळपाय आहे हेच माहीत नव्हतं. फुल्या पडल्या तेव्हा कळलं.

घरी चालायला त्याच्याकडं जयपूर फूट आहे. 1968 च्या सुमाराला जयपूरचे कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडवलेलं ते रबरी पाऊल. अनवाणी चालता येतं, उकिडवं बसता येतं आणि मुख्य म्हणजे ते आडव्या अंगानंही थोडं वळतं, त्यामुळं धुऱ्यावर, ढेकळांत, आमच्या वावरातल्या भेगांत ते जमिनीशी जुळवून घेतं. बाहेरून आलेली जुनी ताठ घोट्याची पावलं सपाट फरशीसाठी होती. खेळणाऱ्यांची पाती वेगळी. कार्बनच्या धाग्यांची, इंग्रजी जे अक्षरासारखी वळलेली. अमेरिकेत व्हॅन फिलिप्स या गृहस्थाचा 1976 मध्ये अपघातात पाय गेला, त्यानं मिळालेल्या पायावर वैतागून ती कल्पना पुढं नेली. या पात्याला टाच नसते. त्यावर पळता येतं, पण शांत उभं राहता येत नाही. दोन्ही पाय नसलेला धावपटू सुरुवातीच्या रेषेवर सारखा जागच्या जागी पावलं बदलत असतो, घाबरला म्हणून नाही, थांबला तर कलंडेल म्हणून. पोराला हे सांगितलं तर म्हणाला, "सायकलीचं बी तसंच हाय ना. थांबली का पडली."

त्याचा देव सोनिपतचा सुमित अंतिल. मोबाइल त्याच्याच भालाफेकीनं भरलेला. अंतिलचाही डावा पाय गुडघ्याखाली गेलेला, 2015 साली, मोटारसायकलवर असताना. टोकियोच्या पॅरालिंपिकला सुवर्ण, पॅरिसला 70.59 मीटर फेकून पुन्हा सुवर्ण, आणि मधे 2023 ला हांगझोला 73.29 मीटरचा विश्वविक्रम. आकडे पोराला तोंडपाठ आहेत. पण तो मला व्हिडिओ दाखवतो तो आकड्यांसाठी नाही. धावत येऊन भाला सोडण्याच्या क्षणी तो चित्र थांबवतो. "इथं पाहा. डावा पाय." उजव्या हातानं फेकणारा धावत येतो आणि डावा पाय खुंटीसारखा रोवतो. पळण्याचा सगळा जोर त्या पायावर आपटून कमरेतून खांद्यात, खांद्यातून भाल्यात जातो. म्हणजे सगळ्यात मोठा दणका नेमका नसलेल्या पायानं सोसायचा. जमिनीची खबर न देणाऱ्या, पोटरी नसलेल्या पायावर, पापणी लवायच्या आत सगळं अंग थांबवायचं आणि तोल रेषेच्या अलीकडं ठेवायचा. पुढं पाऊल पडलं की फेक बाद. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी व्हिडिओ परत मागं घ्यायला लावला. चार वेळा.

बसून फेकणाऱ्यांचं शास्त्र आणखी निराळं. पुण्यात 1944 पासून, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून, लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र आहे. सुरुंगात पाय गेलेले जवान तिथं येतात, आणि तिथूनच काहींना खडकीच्या लष्करी पॅरालिंपिक केंद्राची वाट मिळते. नागालँडचे हवालदार होकाटो सेमा 2002 मध्ये काश्मीरमधल्या चौकीबळला सुरुंगावर पाय पडून जायबंदी झाले. वयाच्या चाळिशीत, 2024 ला पॅरिसमध्ये 14.65 मीटर गोळा फेकून त्यांनी कांस्य मिळवलं. त्यांच्या गटात खेळाडू पट्ट्यांनी आसनाला बांधलेला असतो, आसनाची उंची 75 सेंटिमीटरच्या आत हवी आणि फेकताना बूड उचलायचं नाही. पाय बाजूला ठेवून सगळा तोल कमरेच्या वर. आमच्या पोरानं ते एकदा करून पाहिलं, ओट्यावर बसून. गोळा गेला तीन पावलं आणि हा ओट्याच्या मागं. पडताना मात्र असा गोल होऊन पडला की धूळसुद्धा उडाली नाही. "पडनं मले कबड्डीनं शिकवलं," म्हणाला. हे शिकवणं पाय बसवून देणाऱ्या प्रत्येक ठिकाणी व्हायला हवं, असं मला वाटतं. पण मला कोण विचारतो.

मुंबईत वाढलेली मानसी जोशी 2011 च्या डिसेंबरात स्कूटरवरून जाताना ट्रकखाली सापडली, डावा पाय गेला. 2019 ला बासेलमध्ये ती पॅरा बॅडमिंटनची जगज्जेती झाली, त्याच दिवसांत, त्याच शहरात सिंधूही जगज्जेती झाली होती. मानसीच्या गटात एकेरीचा सामना अर्ध्या कोर्टावर होतो. लोकांना वाटतं सवलत आहे. मी ते सामने पाहिले तेव्हा ध्यानात आलं की अर्ध्या रुंदीत खेळ पुढं-मागंच चालतो, आणि मागं मागं सरकत वर बघून फटका मारणं हे तोलाच्या दृष्टीनं सगळ्यात वंगाळ काम. नजर आभाळाकडं गेली की पायाकडं बघायची सोय संपली.

राज्यात दिव्यांगांसाठी वेगळा विभाग झाला तो 2022 च्या डिसेंबरात, आणि त्या मागणीचा सगळ्यात मोठा आवाज आमच्याच तालुक्यातल्या बेलोऱ्याच्या बच्चू कडूंचा. याचा गावाला अभिमान आहे. आणि बाजारातल्या नालीवरच्या फरश्या अजून हलतात. दोन्ही खरं आहे.

सात वाजले की मैदानावर शाळेच्या पोरी येतात, शाळा भरायच्या आत लंगडीचा एक डाव उरकायला. पळणाऱ्या दोन पायांवर, पकडणारी एका पायावर, पाय टेकला की बाद. मराठी मुलुखात हा खेळ न खेळता कुणी मोठं झालं नसेल, आणि याच शब्दाची शिवी करून आपण ती एखाद्याला जन्मभर चिकटवतो. मी कधी नीट पाहिलं नव्हतं, आता पाहतो. लंगडी घालणाऱ्या पोरीचा दुमडलेला पाय रिकामा नसतो. ती डावीकडं झेपावते तेव्हा तो उजवीकडं झुकतो, थांबते तेव्हा मागं ताणला जातो. तराजूचं दुसरं पारडंच ते. लंगडीतला एक पाय आणि त्या पोराचा एक पाय यांतलं अंतर तेवढं, एका पारड्याचं.

पोरींनी त्याला पंच केलं आहे. कारण तो फार कडक आहे. ओट्यावर बसून, मोजे वाळत घालून, कृत्रिम पाय शेजारी उभा ठेवून तो डाव बघतो. काल एक चुणचुणीत पोरगी सात जणींना टिपून आठवीच्या मागं होती, वळताना जराशी डगमगली आणि पुन्हा सुटली.

"टेकला! बाद!"

"नाही टेकला दादा!"

"टेकला. म्या पाह्यलं."

पोरगी कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. अजून एका पायावरच. रागानं लाल. "तुमचा नाही का टेकत? तुम्ही फेकता तेव्हा रेषेवर टेकतो, मी पाहिलं आहे रोज."

बाकीच्या पोरी एकदम गप्प. माझी फेरी तिथंच थांबली. पोरानं शेजारचा पाय उचलला, उलटा केला, बुटाचा तळ बघितला आणि पुन्हा होता तिथं ठेवला.

"माहा टेकला तं मले समजत नाई," तो म्हणाला. "तुले त समजलं होतं ना?"

तिनं खाली पाहिलं. मग दुमडलेला पाय हळूच जमिनीवर ठेवला आणि बाद झालेल्यांच्या रांगेत जाऊन बसली.